रिठदच्या रस्त्यावरचे वावधन

सांगलीहून निघालो तेव्हा अक्का मागच्या सीटवर उशीला टेकून बसली होती आणि मी आरशात पाहून दर तासाला एकच प्रश्न विचारत होतो, "धाप लागत नाही ना?" अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. दम्यामुळे गेली काही वर्षे तिचे घराबाहेर पडणेच थांबले आहे. वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनला जाऊन पार्श्वनाथाचे दर्शन घ्यावे, एवढी एकच गोष्ट तिने माझ्याकडे मागितली होती आणि मी ती सात उन्हाळे पुढे ढकलली. कधी बँकेतली बदली, कधी मुलीचे लग्न, आणि बहुतेक वेळा काहीच कारण नसताना. यंदा स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि सांगायला कारण उरले नाही.

नांदेडला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी हिंगोलीमार्गे वाशिम गाठले. वाटेत दोन्ही बाजूंना शिजवलेली हळद वाळत पडली होती. सांगलीच्या माणसाला हळद नवी नाही. पण आम्ही ती पोत्यांत पाहतो. इथे ती शेतात उघड्यावर, काळ्या मातीच्या कडेने पसरली होती आणि गाडीच्या काचा बंद असूनही तिचा उग्र, ओलसर वास आत येत होता. "आपल्या पेठेतला वास आला रे अप्पा," अक्का म्हणाली, आणि प्रवासात प्रथमच हसली.

वाशिमला एका लॉजवर सामान टाकायचे, शिरपूरला जाऊन दर्शन घ्यायचे आणि रिठदमार्गे संध्याकाळपर्यंत वाशिमला परतायचे, असा माझा बेत होता. लॉजवरून निघताना अक्काची हातातली पिशवी मी डिकीत ठेवली. सीटवर वस्तू पसरलेल्या मला आवडत नाहीत. त्या पिशवीत तिचा दम्याचा पंप होता. तिने पिशवीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि काही बोलली नाही. माझ्या आवडीनिवडींपुढे गप्प राहण्याची सवय मीच माझ्या माणसांना लावली आहे.

शिरपूरच्या मंदिरातला दगड बाहेरच्या उन्हात विश्वास बसू नये इतका थंड होता. दर्शन झाल्यावर अक्का खांबाला टेकून डोळे मिटून बसली. अर्ध्या तासाने मी घड्याळ पाहू लागलो.

"अजून थोडं बसू या का?" तिने विचारले.

"ऊन वाढेल," मी म्हणालो. दुपार कलली होती. ऊन वाढणार नव्हते. खरे असे, की सात वर्षांचे काम एकदाचे उरकले होते आणि उरकलेल्या कामात बसून राहणे मला जमत नाही.

बसथांब्याजवळच्या टपरीवर चहा घेताना टपरीवाल्या म्हाताऱ्याने पश्चिमेकडे हनुवटीने खूण केली. "आता निघू नका साहेब. आभाळ पाहा कसं मातकट होऊन राह्यलं. वावधन (धुळीचे वादळ) येते."

"किती वेळ चालतं?"

"ते त्यालेच इचारा," तो कप विसळत म्हणाला. "मले सांगून नाही येत ते."

मी हसलो आणि गाडी सुरू केली.

रिठद थोडे पुढे राहिले असेल, तेव्हा ते आले. आधी कडेच्या निंबाची पाने उलटी, पांढुरकी दिसू लागली. मग नांगरून ठेवलेल्या रानांतून मातीची एक भिंतच उठली आणि सरळ आमच्याकडे चालू लागली. आपल्याकडे वादळ म्हणजे पावसाची वर्दी. इथे पाऊस नव्हता, गारवा नव्हता, नुसती काळी-तपकिरी माती होती, आणि तिने पाहता पाहता समोरचा रस्ता, बाजूची झाडे आणि शेवटी माझ्या गाडीचे बॉनेटही पुसून टाकले.

मी अंदाजाने गाडी डाव्या बाजूला कच्च्यात उतरवून थांबवली. कोणी येऊन आदळू नये म्हणून पुढचे-मागचे सगळे दिवे लावले, चारही इंडिकेटर चालू केले. आपण फार शहाणपणा केला, असे मला त्या क्षणी मनापासून वाटले.

तेवढ्यात मागून शिट्टीसारखा आवाज आला. तो वाऱ्याचा नव्हता. अक्काचा श्वास वाजत होता.

"पंप," ती म्हणाली. पुढचा शब्द तिला आला नाही.

मी रुमाल तोंडाला बांधून बाहेर पडलो. डोळे उघडता येईनात. गाडीला हाताने चाचपत मागे गेलो, डिकी उघडली, पिशवी सापडली. त्याच वेळी पायाखालची जमीन हलू लागली आणि ट्रॅक्टरचे धडधडणे ऐकू आले. मातीतून एक पिवळा ठिपका माझ्याच रोखाने येत होता. पिशवी छातीशी धरून मी कडेच्या चरात उडी टाकली. ब्रेक करकरले. डोके वर काढले तेव्हा ट्रॅक्टरचे तोंड उघड्या डिकीपासून हातभर अंतरावर होते, मागे हळद शिजवण्याचा बॉयलर एका बाजूला कलला होता आणि त्याच्या चौकटीला धरून बसलेल्या चार बाया एकमेकींवर कलंडल्या होत्या. कोणाच्या तरी तोंडून "अल्ला" आणि कोणाच्या तोंडून "आई वं" एकदमच निघाले.

चालक खाली उतरला. पन्नाशीचा, डोक्याला गमछा. त्याचे पहिले वाक्य असे होते: "आधी लाइट बंद करा, काका."

मला ते समजलेच नाही. त्यानेच दार उघडून सगळे दिवे मालवले. मग म्हणाला, "तुमी गाडी उभी केली का दिवाळी मांडली? लाल दिवा पाहून मी तुमच्या मागं मागं आलो ना. मले वाटलं गाडी चालून राह्यली, म्हंजे सडक तिकडंच हाय. माह्या मागं चार बाया हायेत."

मी चरातून वर चढून मागच्या दाराशी गेलो. पंप अक्काच्या हाती दिला. तिने तो कसाबसा दोनदा ओढला, पण दार उघडले की माती आत येत होती. तेव्हा त्या बायांमधली वयाने मोठी, शेवंताबाई, पुढे झाली. तिने कॅनमधल्या पाण्यात आपला गमछा भिजवला, पिळला आणि अक्काच्या शेजारी बसून दार ओढून घेतले.

"माय, घाबरू नोको. हे नाकावर धर. आता ओढ. आता सोड. माह्यासंगं."

ओले गोणपाट त्यांच्याकडे होतेच. शिजणारी हळद ते त्यानेच झाकतात. ते त्यांनी वाऱ्याकडच्या दाराच्या फटींवर लावले. उरलेल्या तिघी ट्रॅक्टरच्या आडोशाला वाऱ्याकडे पाठ करून, गुडघ्यांत तोंड घालून, एकमेकींना चिकटून बसल्या. चालकाने मलाही त्यांच्या रांगेत बसवले. झाडाखाली जाऊ की काय, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "झाड पाडायलेच तर येते हे."

त्याचे नाव रफिक. गावोगाव बॉयलर नेऊन लोकांची हळद शिजवून देणे हा त्याचा धंदा. पाठीवर माती सपासप बसत असताना त्याने मला त्यांच्या कामाची रीत सांगितली. वावधन दिसले की आधी बॉयलरखालचा विस्तव पाणी मारून विझवायचा, राखही चाचपून पाहायची, मगच माणसांनी आडोसा शोधायचा. अर्धी कच्ची हळद वाया गेली तरी चालेल. "आपला इस्तू दुसऱ्याच्या गंजीवर गेला तर?" तो म्हणाला. "म्हनून तर आमाले निघायले उशीर झाला. नाही तं गाव गाठलं असतं."

म्हणजे दुसऱ्याचे नुकसान होऊ नये म्हणून थांबलेली ही माणसे माझ्या दिव्यांमुळे मरणार होती. आपण दिसलो पाहिजे, एवढाच विचार मी केला होता. आपल्याकडे पाहून कोणी कुठे जाईल, हा केला नव्हता. पाच माणसे माझ्या मागे चालत येत होती, हे मला ठाऊकसुद्धा नव्हते.

"चुकलो," मी त्याला म्हणालो.

"कोनाले मालूम राह्यते?" तो म्हणाला. "मीबी पहिल्या साली असाच एकाच्या मागं नाल्यात गेल्तो."

साधारण अर्ध्या तासाने वारा पडला. चार थेंब आले आणि थांबले. मी गाडीचे दार उघडले. अक्काच्या पापण्यांवर माती होती, नाकावर शेवंताबाईचा गमछा होता आणि दोघी बोलत होत्या. श्वास वाजत नव्हता. मी गाडीला टेकून उभा राहिलो.

बॉयलर सरळ करायला सगळ्यांनी हात लावला. मग शेवंताबाईने आम्हाला रिठदला आपल्या घरी नेले. गरम भाकर आणि मिठात ठेचलेली कैरी तिने अक्कापुढे ठेवली. "कांदा-लसून नाही त्याच्यात. शिरपूरचे यात्रेकरू आमाले ठाऊक हायेत. दिवस बुडायच्या आत जेवून घे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमाले भाऊ, ठेचा चालते का तुमीबी देवमानूस?"

"मी देवमाणूस नाही," मी म्हणालो. बाया हसल्या. त्यांना तो विनोद वाटला.

दोन दिवसांनी सांगलीला पोचलो. अक्काच्या ओसरीवर शेजारणी जमल्या आणि तिने सगळी हकीकत सांगायला घेतली. तिच्या सांगण्यात मी वेळीच गाडी थांबवली होती, मातीच्या लोटात जिवावर उदार होऊन बाहेर पडलो होतो आणि पंप आणून तिचा जीव वाचवला होता. पिशवी डिकीत कोणी ठेवली, मंदिरातून तिला कोणी उठवले, दिवे कोणी लावले, हे त्यात कुठेच नव्हते. मी दोनदा तोंड उघडले. पण ती वारा, माती, बाया, भाकरी असे करत सांगत चालली होती, मध्ये कुठेही न थांबता, एकदाही धाप न लागता. इतका लांब पल्ला तिने एका दमात गाठलेला मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. म्हणून तिचे संपेपर्यंत मी गप्प बसलो, आणि मग राहिलेला भाग सांगितला.