तपासणीच्या दिवशीचा हर्निया

शस्त्रक्रियागृहात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाची पात्रता आधी सिद्ध झालेली असावी, हा दंडक म्हणजे माणसाने माणसाच्या जिवाला दिलेला सर्वोच्च मान आहे. हे वाक्य माझं नाही. माझ्या एका डॉक्टर मित्राने ते आपल्या नर्सिंग होमच्या भिंतीवर, पाण्याच्या पिंपाच्या वर, चौकटीत लावलं होतं. मला आत नेताना मी ते स्ट्रेचरवरून उलटं वाचलं. त्या दिवशी त्या खोलीत वादातीत पात्रता फक्त माझी होती. मला हर्निया होता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मित्राचं नर्सिंग होम गंगापूर रोडजवळच्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर होतं. पूर्वी जिथे मोटार उभी राहायची तिथे आता एक्स-रे मशीन उभं होतं. सातपूरच्या एका मोठ्या कारखान्याने आपल्या कामगारांसाठी दवाखान्यांची यादी करायला घेतली होती आणि मित्राला त्या यादीत यायचं होतं. नाही आलो, तर दवाखाना बंद करून विंचूरला वडिलांच्या कांद्याच्या चाळीवर बसावं लागेल, असं तो म्हणायचा. हे बोलताना तो आधीच कांदा चिरत असल्यासारखा दिसायचा.

कारखान्याची समिती येऊन ऑपरेशन थिएटर तपासणार होती. नियमाप्रमाणे तिथे नोंदणी असलेली प्रशिक्षित सिस्टर हवी, पदविका घेतलेला तंत्रज्ञ हवा, पदव्युत्तर भूलतज्ज्ञ हवा, आणि प्रत्येकाच्या छातीवर नाव आणि हुद्द्याची पट्टी हवी. शिवाय थिएटर ‘चालू स्थितीत’ दिसलं पाहिजे. या शेवटच्या दोन शब्दांनी माझा घात केला.

एका रविवारी तो घरी आला. मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवायचो आणि रविवारी ते विसरायचा प्रयत्न करायचो.

“तुझा हर्निया आहे ना अजून?” त्याने विचारलं.

“आहे. कुठे जाणार?”

“माझा दिंडोरीचा पेशंट पळाला रे. द्राक्षाची छाटणी आली म्हणाला. शुक्रवारी तपासणी आहे आणि माझं टेबल रिकामं.”

“म्हणून मी?”

“लेका, विचार कर. वर्षभरात त्या खोलीत एवढी शिकलेली माणसं एका वेळी कधीच नसतात. तुझ्या हर्नियाला असा मुहूर्त पुन्हा मिळायचा नाही.”

मी दोन वर्षं ऑपरेशन टाळत होतो. आतून माझी बायको म्हणाली, “भाऊजी, घेऊन जा ह्यांना. पण या वेळी खरंच करा.” विषय संपला.

आता नाशकातली तेव्हाची रीत सांगायला हवी. छोट्या दवाखान्यांकडे स्वतःचा भूलतज्ज्ञ नसायचा. ते डॉक्टर आपलं सामान मारुती व्हॅनमध्ये घालून दवाखान्यामागून दवाखाने करत आणि जिथे बोलावतील तिथे माणसं झोपवत. तपासणी आली की तीच रीत बाकीच्यांनाही लागू व्हायची. सिस्टर नाशिकरोडहून उसनी यायची, तंत्रज्ञ पंचवटीतून. शुक्रवारी मित्राच्याच गल्लीतल्या आणखी एका नर्सिंग होमची तपासणी होती. त्याचा मालक आणि माझा मित्र एकमेकांशी बोलत नसत, पण भूलतज्ज्ञ दोघांनी एकच ठरवला होता. समिती आधी तिकडे जाणार, मग इकडे. मधल्या वेळात व्हॅन गल्ली ओलांडणार. योजनेत खोट नव्हती. योजनेत मिसळ होती.

तिकडच्या डॉक्टरांनी समितीसाठी मिसळ मागवल्याचं समितीच्या अध्यक्षांना फाटकातच कळलं. अध्यक्ष म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले वयस्कर डॉक्टर. ते म्हणाले, “मिसळ खाल्ल्यावर मला उभं राहवत नाही. आधी पलीकडचं उरकू.” आणि समिती सरळ आमच्याकडे आली.

तोवर मी टेबलावर होतो. उपाशी, दाढी सोडून बाकी सगळीकडे गुळगुळीत, आणि अंगावर पाठीमागे नाडी असलेला हिरवा झगा. उसनी सिस्टर कुठल्या कपाटात काय आहे ते शोधत होती. उसना तंत्रज्ञ दिव्याचं बटण शोधत होता. दोघांनाही नेहमीच्या मावशी दारातून खुणा करत होत्या, कारण पात्रता नसल्यामुळे मावशींना आज आत यायची बंदी होती.

समितीत अध्यक्षांखेरीज कारखान्याचा एक तरुण अधिकारी होता. त्याने टोपी चष्म्यासकट घातली होती. आत येताच तो म्हणाला, “नियमाप्रमाणे थिएटरमधल्या प्रत्येकाला पट्टी हवी.”

“आहे ना,” मित्र म्हणाला.

“यांना नाही.” त्याने माझ्याकडे बोट केलं.

“ते पेशंट आहेत.”

“प्रत्येकाला, असं लिहिलंय.”

सिस्टरने चिकटपट्टीचा एक तुकडा कापला, त्यावर बॉलपेनने ‘पेशंट’ लिहिलं, आणि झगा निर्जंतुक असल्यामुळे तो माझ्या कपाळावर चिकटवला. अधिकाऱ्याचं समाधान झालं. अध्यक्षांनी वाकून माझं कपाळ वाचलं आणि ते म्हणाले, “बरं. भूलतज्ज्ञ कुठायत?”

“येताहेत, सर,” मित्र म्हणाला.

मावशींना गल्लीपलीकडे पिटाळण्यात आलं. त्या परत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “सायेब, ते काय येत नाय. तिकडं पेशंट झोपलंय. डाक्टर म्हनले, ते उठल्याबिगर मला उठता यायचं नाय.”

म्हणजे पलीकडच्यांनीही थिएटर ‘चालू स्थितीत’ दाखवायचं ठरवलं होतं, आणि समिती येतच आहे या हिशेबाने माणूस झोपवूनही टाकला होता. भूल दिलेल्या माणसाला सोडून भूलतज्ज्ञाने हलायचं नसतं. हाही नियमच होता, आणि दुर्दैवाने चांगला होता.

“आन् पेशंट कोन हाय, सांगू का?” मावशी म्हणाल्या. “आपलेच ते दिंडोरीचे द्राक्षवाले.”

मित्राचा चेहरा मास्कमुळे दिसत नव्हता, पण त्याने ट्रेमधली सुरी उचलली आणि तशीच धरून खिडकीकडे बघत राहिला.

“ती आधी खाली ठेव,” मी म्हणालो.

अधिकारी घड्याळ बघत म्हणाला, “भूलतज्ज्ञ नसेल तर शेरा ‘अपात्र’ होतो, सर.” मित्र मनाने विंचूरच्या बसमध्ये बसलाही असावा.

अध्यक्ष मात्र ट्रेकडे बघत होते. माणूस मिठाईच्या दुकानाबाहेर उभा असावा तसे. “भूल मणक्यातच द्यायची होती ना?” त्यांनी विचारलं. “सुई कोणती काढलीये? दाखवा.” सिस्टरने दाखवली. “नोकरीत आयुष्यभर मी हेच केलं. निवृत्तीनंतर तीन संस्थांचा अध्यक्ष झालोय. कुणी सुई म्हणून हातात देत नाही. सगळे हार देतात.” एवढं बोलून ते हात धुवायला गेले.

एवीतेवी मी घाबरलेलो होतोच, त्यात तर्कशास्त्र आडवं आलं. ते परत आल्यावर मी म्हणालो, “सर, राग मानू नका, पण आपली पात्रता कोण तपासणार?”

अधिकाऱ्याने माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिलं.

“तुम्ही काय करता?” अध्यक्षांनी विचारलं.

“तर्कशास्त्र शिकवतो.”

“मग बोलू नका. उठून बसा, आणि पाठ मांजरासारखी करा.”

मी मांजर झालो. काही वेळात माझे पाय माझे राहिले नाहीत. अधिकाऱ्याने अध्यक्षांना पट्टी नसल्याचं अदबीने निदर्शनास आणलं, तेव्हा सिस्टरने आणखी एक चिकटपट्टी कापली. अध्यक्षांनी ती स्वतःच छातीवर लावून घेतली. मग ते माझ्या उशाशी स्टुलावर बसले, माझ्या मनगटाची नाडी धरली, आणि ऑपरेशन संपेपर्यंत एक जुनं नाट्यगीत गुणगुणत राहिले. ते बेसूर होतं. पण पळून जायला मला पाय नव्हते.

मित्राने काम चोख केलं. मला काहीच दुखलं नाही. दुखलं ते नंतर, मावशींनी कपाळावरची पट्टी ओढली तेव्हा. तिच्यासोबत उजव्या भुवईचा निम्मा भाग गेला. भेटायला येणारे हर्नियाबद्दल एक शब्दही न काढता भुवईबद्दल विचारत. तो द्राक्षवालाही आला. त्याचं अपेंडिक्सही सुखरूप निघालं होतं, आणि पलीकडची मिसळ वाया गेली नव्हती, हे त्याने आपणहून सांगितलं.

महिन्याभराने कारखान्याचं पत्र आलं. नर्सिंग होम यादीत बसलं होतं. सिस्टरबद्दल, तंत्रज्ञाबद्दल दोन बरे शब्द होते. भूलतज्ज्ञ ‘अत्यंत अनुभवी आणि तत्पर’ असल्याचं म्हटलं होतं. मान्यतेला एकच अट होती: तपासणीच्या दिवशी हजर असलेल्या भूलतज्ज्ञांनाच पुढेही ठेवण्यात यावं. खाली अध्यक्षांची सही होती.

मित्र पत्र घेऊन माझ्याकडे आला. “आता काय करू?”

“नियम आहे,” मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यापासून अध्यक्ष लुनावरून येऊ लागले. पुढे हँडलला डबा, मागे हेल्मेट. कामगार त्यांच्यावर खूश होते, फक्त गाण्याची तक्रार करायचे. मित्राचा कांद्याचा विषय बंद झाला.

वर्षाने पुन्हा तपासणी आली, तेव्हा समिती बाहेर बाकावर बराच वेळ खोळंबली. अध्यक्षांशिवाय तिला आत जाता येत नव्हतं, आणि अध्यक्ष आत भूल देत होते.