पूजेतली पिन

उकिडवं बसणं बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं त्याच संध्याकाळी हर्षलने वडिलांच्या बुलेटचे चार फोटो काढून घरचा नंबर देऊन विक्रीच्या ॲपवर टाकले. शेखर गायधनींना हे पहिल्या गिऱ्हाइकाच्या फोनवरून कळलं.

"गाडी विकायची नाही," ते म्हणाले. "मुलगा हवा असेल तर या, बघून जा."

शेखर बासष्ट वर्षांचे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं फिटर होते. जेल रोडला रो-हाऊस आहे, पुढे छोटंसं पोर्च. १९८९ची बुलेट त्यांनी नवी घेतली आणि तेव्हापासून तिला दुसऱ्या कोणाचा पाना लागू दिलेला नाही. हे सगळं काम जमिनीवर बसून व्हायचं. आता गुडघा वाकत नव्हता.

"मी खाली बसणार नाही. गाडी वर येईल," त्यांनी जाहीर केलं. त्यांना लिफ्ट घ्यायची होती.

"आणि ती तुमच्या अंगावर आली म्हणजे?" हर्षल म्हणाला. "एकदा जरी काही झालं ना बाबा, लिफ्टही भंगारात आणि गाडीही."

"कबूल. पण माझ्या हातून काही झालं नाही, तर?"

हर्षलने मोबाइल खिशात घातला. जाहिरात काढली नाही. शेखरनी त्याच्या मोबाइलला हात लावला नाही. एकलहऱ्याला बंद मशीनवर लाल पत्र्याचा टॅग लागतो. ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. जाहिरातीलाही त्यांनी तोच नियम लावला आणि रोज येणारे फोन घेत राहिले.

लिफ्ट निवडायला त्यांना तीन आठवडे लागले. द्वारका चौकाजवळ गॅरेजची मशिनरी विकणाऱ्या निसारभाईंनी आधी एक छोटा जॅक दाखवला. तो इंजिनखाली घालून गाडी उचलायची. "घरच्याला एवढा पुरे, शेखरभाऊ."

शेखरनी खिशातून गाडीच्या पोटाचं मोजमाप काढलं. "एवढ्याशा पट्टीवर तोलणार? मी नट सोडायला जोर लावला की पलीकडे जाईल."

मग प्लॅटफॉर्मची लिफ्ट निघाली. पायाने पंप मारला की तेलाच्या दाबावर वर येणारी, साडेचारशे किलो पेलणारी.

"तुमची गाडी दोनशेचीसुद्धा नाही," निसारभाई हसले.

"अवजारं, माझा जोर, हे कोण मोजणार? वर थोपवून धरणारी पिन कुठे आहे?"

"पिन आहे हो. पण तेल एक नंबर. आठवडाभर ठेवा, हलणार नाही."

शेखरनी ते खरं मानलं नाही. आधी त्यांनी पोर्चवर हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं. एका कोपऱ्यात टाइल पोकळ वाजली आणि सगळा उतार फाटकाकडे होता. त्यांनी टाइल फोडून काँक्रीट घातलं, पाणसळ लावून पाहिली, तीन आठवडे पाणी मारलं.

शेजारचे गोरक्ष फाटकावर रेलून म्हणाले, "शेखरराव, गाडीला पाळणा आणला म्हणे?"

"हो. बारशाला या. पेढे तुमच्याकडून."

पहिल्या दिवशी त्यांनी पिन न लावता गाडी वर चढवली, भिंतीवर खडूची रेघ मारली आणि संध्याकाळपर्यंत कोणाला जवळ येऊ दिलं नाही. लिफ्ट बोटभर खाली बसली होती. त्या रेघेशेजारी त्यांनी ऑइलपेंटने लिहिलं: तेल उचलतं, पिन धरते. त्यानंतर क्रम ठरला. पुढचं चाक शिकंज्यात, गाडी दोन्हीकडून पट्ट्यांनी खेचून बांधलेली, मग पंप, मग आरपार भोकात पिन, मग वजन तेलावरून पिनवर सोडायचं. शेवटी लाल टॅग. त्याशिवाय हात आत घालायचा नाही.

वर्षभर काही झालं नाही. मग खंडेनवमी आली.

त्या सकाळी ललिताबाईंनी, म्हणजे शेखरच्या पत्नीने, पाने, पक्कड, हातोडी घासून पाटावर मांडली. पिनही लोखंडाची, रोजच्या कामातली, तीही मांडली. हळदकुंकू लागलं. पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवशीपर्यंत उचलायचं नाही, हे घरात सगळ्यांना माहीत. शेखर फुलं आणायला गेले होते. हर्षलला वाटलं, हार घातलेली बुलेट उंचावर छान दिसेल. त्याने चाक शिकंज्यात घातलं, पट्टे बांधलेच नाहीत आणि प्लॅटफॉर्म भिंतीवरच्या रेघेपर्यंत, छातीएवढा वर नेला.

शेखर परतले तेव्हा त्यांची सून सायली प्लॅटफॉर्मखाली हात घालून रांगोळी काढत होती. त्यांनी खडूच्या रेघेकडे पाहिलं. प्लॅटफॉर्म रेघेच्या दोन बोटं खाली होता.

"सायली, हात बाहेर. रांगोळी राहू दे."

ती मागे सरकली. शेखरनी आधी पट्टे खेचून बांधले, पंप मारून प्लॅटफॉर्म भोकाच्या वर घेतला आणि पाटाकडे वळले.

"अहो, पूजेतलं उचलायचं नसतं," ललिताबाई आडव्या आल्या.

"मग गाडी खाली घेतो."

"पूजेची गाडी आज खाली? लोक बघायला येतील!"

"लोकांना वर बघायची असेल तर पिन लागेल. दोन्ही मिळणार नाही."

"वर्षाचा सण आहे हो!"

"आणि सायलीचा हात? त्याच्यापेक्षा सण मोठा?"

त्यांनी पिन उचलली. हळदीसकट भोकात सारली, वजन तिच्यावर सोडलं. पिनच्या रिकाम्या जागी ललिताबाईंनी सुपारी ठेवली आणि पुन्हा कुंकू वाहिलं. देव हजर नसला की सुपारी चालते, तर पिनच्या जागी का नाही, असं त्या नंतर गोरक्षना सांगत होत्या.

हर्षल भिंतीशी उभा होता. "मला वाटलं, तासाभराचंच तर काम."

"भंगारात कोणाला घालायचं मग?" शेखरनी लाल टॅग त्याच्या हातात दिला. "लाव."

दसऱ्याला येणाऱ्याजाणाऱ्यांनी गाडी पाहिली. तिसऱ्या दिवशी शेखरना ती खाली हवी होती, पण टॅग हर्षलचा होता आणि तो अंबडला कामावर. शेखरनी दिवसभर कोणाला हात लावू दिला नाही. हर्षल साडेसातला आला. पिनकडे जाण्याआधी त्याने मोबाइल काढला, जाहिरात शोधली आणि काढून टाकली. मग टॅग काढून पिनला हात घातला. ती जागची हलेना.

"आधी पंप मार," शेखर खुर्चीतून म्हणाले. "वजन उचलल्याशिवाय ती सुटत नाही."