उपवासकाळातला हिरवा भारा

उपवासकाळाचं दान म्हणून मी शेजारच्या आजीच्या गाईला विष घातलं.

विष आहे हे मला ठाऊक नव्हतं, एवढीच माझी बाजू. नळदुर्गजवळच्या त्या खेड्यात मी नवा मास्तर, आणि साल दुष्काळाचं. पाळकसाहेबांनी रविवारी सांगितलं होतं, ईस्टरपर्यंत नुसते उपास करू नका. ज्यांचे उपकार झालेत त्यांना काहीतरी द्या, आणि गाजावाजा न करता द्या. पहिलं मला पटलं. दुसरं मी ऐकलंच नाही.

आजी एकटी. एक गाय, तिचं दूध गावच्या दूधसंस्थेत घालायची, त्यावर चूल पेटायची. तरी आमची मुलगी तापातून उठली तेव्हा आजीनं महिनाभर रोज पेलाभर दूध दिलं होतं. आमच्या परसात काढलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना मोरीच्या थेंबभर पाण्यावर खुरटे, कोवळे फुटवे आले होते. गावात हिरवं म्हणून तेवढंच. ते कापून भारा गल्लीतून मिरवत नेला. आजी रानात गेलेली, तर स्वतःच गाईपुढं टाकला आणि घरी येऊन बायकोला ऐकवलं.

अर्ध्या तासात रानातून परतलेल्या आजीची हाक आली. गाय थरथरत होती, तोंडाला फेस, धाप भात्यासारखी. बघता बघता खाली बसली. आजीनं उरलेला फुटवा उचलला.

"ह्ये कुणी टाकलं?"

मी, म्हणालो. पाण्याविना खुरटलेली कोवळी ज्वारी जनावराला मारते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. एक शेजारी सायकल काढून ढोरांच्या डॉक्टरकडं सुटला. बायकोनं ईस्टरच्या गोडासाठी जपलेला सगळा गूळ आणून पाण्यात कालवला, आजीनं बाटलीनं गाईला पाजला. मी गाईची मान धरून बसलो. रोज लांबलचक प्रार्थना करणारा मी, एक शब्द सुचेना. आजी तिच्या कानाशी नुसतं "ऊठ, माय" म्हणत होती. गाईचे डोळे फिरले तेव्हा तेही थांबलं.

तेवढ्यात डॉक्टर पोचले, सुई टोचली, आणि वाट बघा म्हणाले. उन्हं कलली तेव्हा गाय एकदा घसरून, मग धडपडत उभी राहिली.

मी आजीचे पाय धरले. आता रोज वैरणीचं मी बघतो, म्हणालो.

"मास्तर," आजी म्हणाली, "तुमचा उपास सुटंस्तवर माज्या गोठ्याकडं फिरकू नका. सुटल्यावर बी नकाच."