गुणाजीच्या वेबसाइटचं हिरवं बटण

गुणाजी राऊळ स्वतःची ओळख 'ग्राफिक डिझायनर' अशी करून देतो आणि लगेच इकडेतिकडे बघतो, बायको ऐकत नाही ना म्हणून. कारण शेवंतीने गेली पंचवीस वर्षं त्याला लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर जुळवतानाच बघितलंय. घाटकोपरच्या भटवाडीत त्याचा गाळा आहे. दोन गिऱ्हाईकं आत आली तर मालकाला बाहेर उभं राहावं लागतं, एवढाच. पूर्वी राहावं लागायचंही. आता लोक आमंत्रणं फोनवरच पाठवतात, त्यामुळे गुणाजी दिवसभर आत ऐसपैस बसलेला असतो.

"दिवाळीपर्यंत बघते," शेवंतीने सांगून टाकलं होतं. "काम आलं तर ठीक, नायतर गाळा त्या मोबाईल कव्हरवाल्याला भाड्याने. दोनदा विचारून गेलाय तो."

अशात त्यांच्या कुडाळकडच्या गावाच्या पतपेढीने वेबसाइट करायचं ठरवलं. ही पतपेढी मुंबईत आलेल्या गावच्या गिरणी कामगारांनी पगारातून थोडं थोडं टाकून उभी केलेली, सभासदांना अडीनडीला कर्ज देणारी. मुंबईतल्या सभासदांच्या बैठकीत वेबसाइटच्या खर्चाचा अंदाज ऐकून अध्यक्ष धोंडूतात्यांना ठसका लागला. तेवढ्यात मागच्या बाकावरून गुणाजी उठला. "मी करतो, तात्या. तुमच्या चहाच्या खर्चात." त्याने आयुष्यात एकही वेबसाइट केली नव्हती. पण बोलून गेला होता, आणि सगळे वळून बघत असताना खाली बसणं बरं दिसलं नसतं.

मग त्याला जे येत होतं तेच त्याने केलं, म्हणजे एक लांबलचक लग्नपत्रिका. वर गणपती, खाली 'ग्रामदेवता प्रसन्न', कडेने झेंडूची माळ, संचालकांचे फोटो अंडाकृती चौकटीत. व्याजदरापासून पत्त्यापर्यंत सगळं एकाच चित्रात. तळाला एक हिरवं बटण, 'कर्जासाठी इथे दाबा'. त्या बटणाला सावली देण्यात त्याने अख्खी दुपार घातली होती. बटण असं वर उचलून आलेलं दिसे की बोट आपसूक तिकडे जावं. चित्र नेटवर चढवल्यावर त्याने स्वतः दाबून पाहिलं. काहीच झालं नाही. होणार कसं? पत्रिकेवरच्या गणपतीने कधी मोदक खाल्लाय?

"वाट लागली," तो स्वतःलाच म्हणाला. मग स्वतःचीच समजूत घातली, बघणारे सगळे साठीच्या पुढचे, दाबतंय कोण!

वार्षिक सभेत, शाळेच्या वर्गात, भिंतीवर वेबसाइट उमटली आणि टाळ्या पडल्या. धोंडूतात्यांना स्वतःचा फोटो इतका आवडला की त्यांनी तो पुन्हा दाखवायला लावला. "झकास रे, गुणाजी!" पाहुणे म्हणून आलेल्या शेजारच्या गावच्या पतपेढीच्या सेक्रेटरींनी तर त्याचं कार्डच मागून घेतलं. आमचीही कर म्हणाले. गुणाजीने मनातल्या मनात कव्हरवाल्याला नारळ दिला.

चहाच्या वेळी प्रेमाकाकी हळूच त्याच्याजवळ आल्या. नवरा गिरणीत होता, तो गेल्यापासून त्या एकट्याच राहतात.

"गावच्या घराचा छप्पर उडाला रे," त्या कुजबुजल्या. "ह्या सगळ्यांसमोर पैशे मागूक माका लाज वाटता. तुझा बटाण बरा. आत्ताच फोनवर दाबलंय. आता मी घराक जाव?"

'जावा' म्हणायला काय लागत होतं? कुणाला कळलं नसतं, गाळाही राहिला असता. काकी मात्र घरी निरोपाची वाट बघत बसल्या असत्या, आणि पुन्हा विचारायला येणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. गुणाजीला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि त्या देखण्या सावलीची तर त्याहून जास्त.

"काकी, जरा बसा," म्हणत तो पुढे गेला आणि त्याने माइक घेतला.

"मंडळी, ते बटण नाय. ते चित्र आहे, मी काढलेलं. कितीही दाबलं तरी कुणाला काय कळणार नाय. मला वेबसाइट येत नाय. पत्रिका येते."

सगळा वर्ग पोट धरून हसायला लागला. "मेल्या, मग मघाशी टाळ्या कसल्या घेतल्यास?" धोंडूतात्या ओरडले. सेक्रेटरींनी कार्ड गुपचूप टेबलावर ठेवलं. शेवटी डोळे पुसत तात्यांनीच तोड काढली. "आता परत खर्च नको. बटणाखाली ह्याचा फोन नंबर घाला. ज्याला कर्ज पाहिजे तो ह्याला सांगेल, हा आम्हाला. देऊ काहीतरी मानधन."

हशा चालू असतानाच गुणाजीने काकींना बाहेर पायरीवर नेलं आणि छपराचं सगळं नीट विचारून घेतलं.

गाळा दिवाळीत गेलाच. कव्हरवाल्याने दया येऊन एक स्टूल ठेवू दिलंय, तिथे 'ग्राफिक डिझायनर' फोन घेऊन बसतो. समितीसमोर ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही ते त्याच्या कानाशी मन मोकळं करतात. कुणाच्या मुलीची फी, कुणाच्या आईचा गुडघा. तो ऐकून घेतो, समितीकडे जातो, भांडतो आणि उलट फोन करतो. काकींचं छप्पर पावसाआधी झालं. घर मात्र मानधनावर नाही, कव्हरवाल्याच्या भाड्यावर चालतं, हे शेवंती त्याला रोज ऐकवते.

परवा सकाळी फोन वाजला तेव्हा गुणाजी मोरीत होता. शेवंतीने हात पुसत फोन उचलला. पलीकडचा माणूस चाचरत होता. तिने जरा वाट पाहिली आणि म्हणाली, "वेबसाइट आंघोळीला गेलीय. मी तिची बायको. लाजू नका, सांगा काय अडलंय ते."