काकांचे चार पाहुणे

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका उठता-बसता हादरणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. मूळचे नागपूरचे, बौद्ध, पेशाने इंजिनिअर. ऐंशीच्या दशकात शिकागोत, डेव्हन ॲव्हेन्यूजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एकटेच राहत. अमेरिकेत दहा वर्षं काढली तरी गृहस्थांचा धक्का काही ओसरत नव्हता. दवाखान्यात नाडी बघण्याआधी इन्शुरन्सचं कार्ड बघतात हे कळलं, तेव्हा तीन दिवस बिल्डिंगभर सांगत फिरले. टीव्हीवर निवडणुकीचं भाषण लागलं की उठून उभे राहत आणि उमेदवाराला जाब विचारत, "अरे, पण कारखाने बंद पडले त्यांचं काय करून राहिला तू?" उमेदवार बिचारा हात हलवत हसत असे. आमचे हे म्हणायचे, "काका, रिलॅक्स करा यार!" काका रिलॅक्स करतील तर शपथ!

एका शनिवारी त्यांना चर्चच्या तळघराबाहेर जेवणाची रांग दिसली. नागपूरला दीक्षेच्या दिवशी येईल त्याला जेवू घालतात, त्यातच हा माणूस वाढलेला. त्यांना वाटलं, यांचाही असाच काही मोठा दिवस असणार. न जेवता जाणं बरं दिसत नाही. कोट-टायसकट उभे राहिले, सूप-पाव पोटभर जेवले आणि शेजारच्याला विचारलं, आज सण कसला? तो म्हणाला, "सण? मला भूक लागलीय." पोलादाच्या कारखान्यात वीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस, कारखान्याला कुलूप लागलेलं. काका तडक माझ्या दारात. चेहरा पांढराफटक. "वहिनी, मी उपाशी माणसाचं जेवण खाऊन आलो हो!" मी फस्सकन हसले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी बघून मेल्याहून मेल्यासारखी झाले.

झालं! तेव्हापासून दर शनिवारी काका तिथे वाढायला. वर माझ्याकडून पातेलंभर वरण करवून न्यायचे आणि चाखून "मीठ कमी आहे" म्हणायची छातीही करायचे. रांग त्यांनी मोडूनच काढली. सगळ्यांना टेबलाशी बसवायचं आणि आग्रह करकरून वाढायचं, जणू घरचं लग्न!

दिवाळीला आमच्या मंडळाचं जेवण एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. काका त्या वेल्डरला आणि त्याच्या तीन सोबत्यांना घेऊन आले, सगळ्यांची तिकिटं रीतसर काढून. दारातच कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष हळूच म्हणाले, "काका, प्लीज, सीन नको. फॅमिलीज आहेत. डबे पॅक करून देतो, बाहेर खातील."

"बाहेर?" काका म्हणाले. मग अगदी सावकाश, "माझ्या बापाला गावातल्या प्रत्येक लग्नात बाहेर वाढलं, साहेब. मला वाटलं, ते आपण तिकडेच सोडून आलो."

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात जिलब्यांचं ताट होतं. मी मान खाली घालून जिलब्या नीट रचत राहिले. अहो, एवढ्या त्या जिलब्या, त्यांना काय रचायचं होतं! डबे न घेताच पाचही जण निघून गेले.

पुढच्या वर्षी काकांना दुसऱ्या गावी नोकरी लागली. जाताना निरोप घ्यायला आले, नेहमीसारखेच हसत. माफी मागायची असं ठरवून मी दार उघडलं, आणि तोंडातून निघालं, "चहा घेणार?"

ते बसले. चहा छान झालाय म्हणाले, आणि गेले.