एकशे अकरा फरशा आणि आठ जीबीचं कार्ड

चौथ्यांदा स्क्रीन काळी पडली तेव्हा वैशालीताई खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमचं हे रेसचं घोडं दर वेळी हॉलच्या दाराशीच कसं काय बसतं?"

मी चहा मागवला. बावीस वर्षांच्या धंद्यात एवढं शिकलोय की उत्तर सुचत नसलं की चहा मागवावा. त्या दिवशी मी इतका चहा मागवला की शेजारच्या टपरीवाल्यानं संध्याकाळी दुसरी म्हैस घेतली म्हणतात.

मुकुंदवाडीत स्टेशनच्या रस्त्याला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. वैशालीताई आर्किटेक्ट. पाचोडच्या पुढच्या एका गावात सभागृह आणि वाचनालय बांधायचं होतं. ताईंनी डिझाइन केलं होतं आणि पुण्याच्या एका फर्मनंही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गावची समिती दोन्ही बघून एकाला काम देणार होती. पुणेवाले तयार व्हिडिओ दाखवणार होते. ताईंचा बेत वेगळा. त्या कॉम्प्युटरच नेणार होत्या. लोक म्हणतील 'तिकडं वळा', तिकडं वळायचं. न बांधलेल्या इमारतीत गावाला फिरवून आणायचं. स्वतःच्या नावावर त्यांचं हे पहिलं मोठं काम होतं. मिळालं तर स्वतःचं ऑफिस, नाही तर पुन्हा दुसऱ्याच्या ऑफिसात नकाशे काढणं.

असं जिवंत चित्र पळवायला ग्राफिक्स कार्ड लागतं. माझ्याकडं दोन होती. पहिलं नवंकोरं, तीन पंख्यांचं, आठ जीबी मेमरीचं. दुसरं मागच्या पिढीचं, दिसायला पाट्या-वरवंट्यासारखं, पण बारा जीबीचं. मी पहिल्याची बाजू लावून धरली होती. का? ते जास्त वेगवान होतं म्हणून. आणि खरं सांगायचं तर त्याचे तीन पीस दिवाळीपासून रॅकवर बसून माझ्याकडं बघत होते म्हणूनही.

"ताई, बेंचमार्क बघा," मी सकाळीच म्हणालो होतो. बेंचमार्क म्हणजे कार्डांचा शंकरपट, बैलांच्या शर्यतीसारखा. दोघांना एकाच रानात पळवायचं आणि सेकंदाला किती चित्रं काढतात ते मोजायचं. माझ्या लाडक्यानं शंभर काढली, वरवंट्यानं अडुसष्ट. मी मुद्दाम गाड्यांच्या रेसचा गेम लावला होता. कार्ड असं पळालं की दुकानातलं कॅलेंडर उडालं.

ताई शांतपणे म्हणाल्या, "मला गाडी नाय पळवायची. मला म्हातारी माणसं हॉलमधून फिरवायचीत. माझी फाइल लावा."

फाइल लावली. गावची वेस, कडुलिंब, पायऱ्या, सगळं लोण्यासारखं. हॉलच्या दारात पाय टाकला की स्क्रीन काळी.

मी पॉवर सप्लाय बदलला. काळी. ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला कॉम्प्युटरची भाषा समजावणारा प्रोग्राम, काढून पुन्हा टाकला. काळी. मग म्हटलं, उन्हाळा आहे, कार्ड तापलं असेल. घरचा कूलर ओढत आणला आणि कॅबिनेटसमोर लावला. कार्डाला हुडहुडी भरली, ताईंचे कागद फरार झाले, स्क्रीन मात्र काळीच.

"आता काय, कार्डाला गोधडी घालता?" ताईंनी विचारलं.

माझे भागीदार रशीदभाई इतका वेळ कोपऱ्यात एका प्रिंटरचं ऑपरेशन करत होते. ते उठून माझ्या मागं उभे राहिले. पाचव्यांदा फाइल बंद पडली, स्क्रीनवर एक चौकट आली आणि मी सवयीनं ती बंद करायला गेलो. त्यांनी माझा हात धरला.

"मियाँ, पढो तो सही."

एरर मेसेज न वाचता बंद करायची मला जुनी खोड आहे. गिऱ्हाइकासमोर मेसेज वाचत बसलं की गिऱ्हाइकाला वाटतं, याला काही येत नाही. चौकटीत स्वच्छ लिहिलं होतं: व्हिडिओ मेमरी संपली. चार वेळा तिनं मला हेच सांगितलं होतं आणि चार वेळा मी तिच्या तोंडावर दार लावलं होतं.

"गरम नाय झालं," रशीदभाई म्हणाले. "भर गया है. ताई, त्या हॉलमधी असं काय ठेवलंय तुम्ही?"

"फरशा," ताई म्हणाल्या. "देणगीदारांच्या. एकशे अकरा."

आमच्याकडं गावात काही बांधायचं म्हटलं की देणाऱ्याचं नाव लागतं. पायरीवर, बाकावर, पाण्याच्या टाकीवर. पंख्याच्या पात्यावरही 'यांच्या स्मरणार्थ' असतं. पंखा बंद असेल तेव्हाच वाचता येतं, पण असतं. या गावानं तर इमारतीच्या आधीच संगमरवरी फरशा कोरून घेतल्या होत्या, देणाऱ्याच्या वडिलांच्या नाव-चेहऱ्यासकट. ताईंनी एकेक फरशीचा मोबाइलवर फोटो काढून चित्रातल्या भिंतींवर बसवला होता.

इथं भानगड अशी की फोटो म्हणजे घडी घातलेली सतरंजी. फाइलमध्ये घडी चार बोटांची. पण कार्डाला ती वापरायची तर उलगडून अंथरावी लागते, तीही स्वतःच्या खोलीत. त्या खोलीला म्हणायचं व्हीरॅम. माझ्या लाडक्या कार्डाकडं गडी चपळ, पण खोली आठ जीबीची. दारात पाय टाकला की एकशे अकरा सतरंज्या एकदम उलगडायच्या आणि गडी बाहेर फेकले जायचे.

"फोटो छोटे करो ना," रशीदभाई म्हणाले.

ताईंनी ते आधीच करून पाहिलं होतं. अक्षरं पुसट झाली. त्यांनी समितीच्या अध्यक्षांना, किसननानांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"नाना, फरशीवरची नावं थोडी अंधूक दिसली तर चालंल का?"

"पोरी," पलीकडून आवाज आला, "बिल्डिंग अंधूक दिसली तर चालंल. नाव नाय."

ताईंनी फोन ठेवला. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "वरवंटा लावा."

"ताई, तो हळू आहे. हॉलमध्ये चित्र अडखळंल."

"अडखळू द्या, पडू नका देऊ. ते माझ्यावर सोडा. कार्ड चालल्याबिगर मी हितून हलत नाय."

वरवंटा लावला. हॉलच्या दारात मी डोळे मिटले. उघडले तर आत उभे होतो. बारापैकी साडेदहा जीबी भरले होते आणि सेकंदाला जेमतेम चोवीस चित्रं निघत होती. भराभर वळलं की चित्राला उचकी लागायची. ताईंनी बाही मागं सारली आणि चालण्याचा वेग निम्मा केला. उचकी गेली. मग पाऊण तास त्या एकट्याच त्या हॉलमध्ये फिरत राहिल्या. कुठल्या कोपऱ्यात कार्ड धापा टाकतं ते कागदावर टिपून घेतलं. शंभरवालं कार्ड टेबलावर पडून हे बघत होतं. मला त्याच्या डोळ्याला डोळा भिडवेना.

दुसऱ्या दिवशी मीही गेलो. जीपमध्ये कॅबिनेट मी मांडीवर घेतलं होतं. रस्ता असा की पाचोड येईपर्यंत माझी उंची दोन इंच कमी झाली. शाळेच्या वर्गात प्रोजेक्टर लावला. पुणेवाल्यांचा व्हिडिओ झाला. संगीत होतं, आकाशात पक्षी होते. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मग किसननानांनी विचारलं, "यात माझ्या बापाचं नाव कुठंय?" पुण्याच्या साहेबांनी व्हिडिओ मागं नेला, पुढं नेला. जे काढलंच नव्हतं ते दिसणार कुठून?

ताईंची पाळी आली. वेस, कडुलिंब, पायऱ्या. हॉलचं दार. मी सवयीनं चहावाला शोधू लागलो. दार ओलांडलं. चित्र सावकाश पुढं सरकलं.

मागून एकजण ओरडला, "मशीन लई हळू हाय राव!"

नाना वळले. "आपुन इथं पळायला आलोत व्हय? हळूच चालू दे पोरी. माझ्यासंगं माझा म्हातारा हाय."

डावीकडची तिसरी फरशी आली. ताई आणखी जवळ गेल्या. नाव स्वच्छ, खाली चेहरा, डोक्यावर पटका. नाना उठले, पडद्याजवळ गेले आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. त्यांची सावली अर्ध्या पडद्यावर पडली होती. कुणी बाजूला व्हा म्हणालं नाही. मग सगळ्यांनाच आपापली फरशी बघायची होती. दोन तास आम्ही या भिंतीवरून त्या भिंतीवर फिरलो. वरवंटा एकदाही पडला नाही.

काम ताईंना मिळालं. सेकंदाला किती चित्रं निघतात हे त्या गावात कुणीही विचारलं नाही.

तेव्हापासून दुकानात नियम केलाय. कार्ड दाखवायच्या आधी गिऱ्हाइकाची फाइल मागायची. खोक्यावरचे आकडे खोटे नसतात, फक्त ते दुसऱ्याच्या कामाचे असतात. आणि चौकट आली की आधी वाचायची.

ते सभागृह आता उभं आहे. ताईंनी गळ घातली म्हणून मीही एक पंखा दिला. पात्यावर माझं नाव आहे. तिथला सगळ्यात हळू फिरणारा पंखा तोच. चालू असतानाही नाव वाचता येतं.