शेवट आधीच सांगणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांना उभ्या आयुष्यात एकाही सिनेमाने फसवलं नव्हतं, आणि याचा त्रास सिनेमावाल्यांपेक्षा मामांच्या शेजारी बसणाऱ्याला जास्त व्हायचा. बर्मिंगहॅमला भूलतज्ज्ञ म्हणून त्यांची हयात गेली. माणसांना झोपवून आपण जागं राहायची सवय लागल्यामुळे असेल, पण पडद्यावरची नावं संपायच्या आत खुनी कोण हे ते मागच्या तीन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून मोकळे होत. इथल्या थिएटरात मध्यंतर नसतं, हे त्यांनी चाळीस वर्षांत मान्य केलं नाही. बरोबर एक तास झाला की ते आणि मामी अंधारात लोकांचे पाय तुडवत बाहेर जात, लॉबीत उभ्याने थर्मासमधला चहा आणि डब्यातला चिवडा घेत, आणि परत येऊन बसल्यावर न पाहिलेला भाग मामा मामींना सांगत. मामी कौतुकाने ऐकत. एकदा शहानिशा करायला म्हणून मी आतच बसून राहिलो, तर मामांच्या सांगण्यात फक्त एका कुत्र्याचा रंग चुकला होता.

मामी गेल्या आणि मामांनी थिएटर सोडलं. पाठोपाठ हृदयाची एक झडप नीट चालेना. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, तर म्हणाले, "जावईबापू, या वयात टेबलवर काय होतं ते पेशंटच्या उशाशी बसून पाहिलंय मी. पुढची स्टोरी ठाऊक आहे मला." हॉस्पिटलची पत्रं ते न उघडता मायक्रोवेव्हवर ठेवून देत. माझी बायको रडली, भांडली, पंधरा दिवस बोलली नाही. मामा ढिम्म. हीटिंग बंद, पडदे ओढलेले, आणि हे ओव्हरकोट घालून खुर्चीत. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांना तसं बघवायचंही नाही.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी मी त्यांना जवळजवळ उचलूनच एका भुताच्या सिनेमाला नेलं. ओसाड बंगला, चारपाच तरुण मुलं आणि बंगला सांभाळणारी एक म्हातारी. "आता ही तळघरात जाणार," मामा सुरू झाले. तोच पडद्यावरची मुलगी म्हणाली की तळघरात जाणारा मरतो हे आपण शंभर सिनेमांत पाहिलंय, तेव्हा स्वयंपाकघरातच बसू. मामा चपापले. मग दिवे जाणार, असं त्यांनी म्हणायच्या आत एका मुलाने तेही सांगून मेणबत्त्या वाटल्या. असं चार वेळा झाल्यावर मामांनी हुकमाचं पान टाकलं: म्हातारी पहिली मरणार. म्हातारीने कप विसळून ठेवला, कोट चढवला, दारात उभ्या असलेल्या भुताला बाजूला व्हायला सांगितलं आणि सरळ बस पकडून घरी गेली. मामा हसले. मामींच्या मागे पहिल्यांदाच, ठसका लागेपर्यंत हसले. तास उलटून गेला तरी ते जागचे उठले नाहीत.

परतीच्या बसमध्ये ते बराच वेळ काचेवरचं धुकं पुसत बसले. मग हळूच म्हणाले, "म्हातारीचं चुकलं माझं. आमच्या हिला सांगायला हवं होतं." दोन स्टॉप गेले. "कन्सल्टंटची ती लेटर्स... उद्या येऊन वाचून दाखवाल का?"

ऑपरेशन झालं. टेबलवर मामांना काही झालं नाही. भूल देणाऱ्या मुलीला तिचंच काम शिकवायला गेले, तेवढंच. त्यानंतर ते एक हिवाळा आणि थोडासा उन्हाळा जगले. तेवढ्यात आम्ही बरेच सिनेमे पाहिले, त्यांनी सगळ्यांचे शेवट आधी सांगितले आणि ते सगळे बरोबर निघाले. मे महिन्यात एका सकाळी ते झोपेतच गेले. मी अजूनही कधीतरी मंगळवारी दुपारी एकटा जाऊन बसतो. खुनी कोण ते मला आता अगदी शेवटी कळतं, आणि तोवर मामांची फार आठवण येते.